शनिवारचं संमोहन

अगं, संमोहनाचं नाव काढू नकोस, डोकं फिरतं माझं. कामाच्या ताणाने झोप उडाली होती, म्हणून आमच्या गुडगावच्या ऑफिसात संमोहनतज्ज्ञ आले तेव्हा मीच पहिली बसले. ते म्हणाले, "घबराइए मत. सब सुनाई देगा, और मन के ख़िलाफ़ कोई कुछ नहीं करवा सकता." मी डोळे मिटले. श्वास संथ झाला, आखडलेले खांदे सैल पडले. खरंच बरं वाटत होतं. तेवढ्यात तोच मऊ आवाज म्हणाला, "अब शनिवार को भी ऑफिस आना आपको अच्छा लगेगा."

मी ताडकन डोळे उघडले. "ये किसने कहलवाया आपसे?"

त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मॅनेजरकडे बघितलं. तो म्हणतो, "अरे यार, थेरपी पूरी तो होने दो."

"हो गई, सर," मी म्हटलं. "आपके सामने कभी 'ना' नहीं निकलती थी. आज निकल रही है. शनिवार को नहीं आऊँगी."