सात पगारांचं घड्याळ

...आणि वर मलाच विचारतात, ‘किती वाजले रे?’ मला! ज्याच्या खिशात... जाऊ दे. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस उगाच वैतागलाय. उगाच नाही हो, चांगला सात पगारांना वैतागलोय!

तर आमच्या बाबांचं सोन्याचं घड्याळ. आता बाबा कोण, तर कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस, कपड्यांना कायम तेलाचा वास, नखांत लोखंडाचा कीस, आणि ह्या माणसानं लग्न झाल्या झाल्या सोन्याचं घड्याळ घेतलं. केवढ्याला? सात पगारांना! सात महिने राबायचं, घरात एक घास न खाता, तेव्हा कुठं ते मनगटावर येणार. आता खायला तर लागतंच, म्हणून मग ओव्हरटाइम, हप्ते, आणि आईची कुरकुर. बरं, घेतलं ते घातलं कधी? लेथवर चालत नाही, मशीनमध्ये जाईल. बाजारात नाही, कुणीतरी मारेल. अंघोळीला तर नाहीच नाही. राहता राहिला रविवार. रविवारी बाबा ते रुमालातून काढणार, मनगटावर चढवणार आणि खुर्चीत बसणार. कुठं जायचं नाही, यायचं नाही, नुसती वेळ बघत बसायची! आणि रोज झोपताना किल्ली देऊन उशाखाली ठेवायचं, टिकटिक टिकटिक, शेजारी आई कूस बदलतेय.

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात पैसे हे मापच नव्हतं. पगार हे माप! शेजाऱ्यांनी फ्रीज आणला की बाबा म्हणणार, ‘त्याचा दीड गेला.’ मला बूट घेतले की ‘माझा पाव आहे पायात, फरफटत चालू नकोस.’ ज्यानं घेतलं त्याचा पगार, असा हिशेब. आणि आईचं त्यावर एकच, ‘सात पगारांत माझ्या स्वयंपाकघराला खिडकी झाली असती.’ झाली असती हो, खरंच झाली असती. आमचं स्वयंपाकघर म्हणजे तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला बाबा, ‘चहा झाला का’ विचारत उभे!

तर दोन महिन्यांपूर्वी काय झालं, बाबांनी मला बोलावलं, रुमाल हातात दिला आणि म्हणाले, ‘विकून ये.’ मी म्हटलं, काय? ‘विकून ये म्हणतो ना! ही भरदिवसा दिवा लावून भाजी चिरते, परवा बोट कापलं. मागची भिंत फोडून मोठी खिडकी करू, खाली नवा ओटा. आणि फसू नकोस. सात पगारांची वस्तू आहे.’ आणि हे बोलताना माझ्याकडे नाही, रुमालाकडे बघत होते.

गेलो. जुन्या घड्याळांचा दुकानदार, डोळ्याला भिंग लावलेला. ‘वा! काय जपलंय हो! एक ओरखडा नाही!’ माझी छाती अशी फुगली. आणि लगेच त्यानं ते तराजूवर टाकलं! घड्याळ! तराजूवर! कांदे आहेत का हो ते? म्हणाला, ‘साहेब, सोनं काय ते हे वरचं पातळ कवच. आतल्या यंत्राला सोन्याचा भाव नसतो. आणि असली नाजूक सोन्याची घड्याळं हल्ली घालतो कोण?’ आणि आकडा सांगितला. मी कॅशियर आहे, दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजतो, मला गणित लागायला वेळ लागत नाही. माझा एक पगार. एक! फार तर सव्वा! वर म्हणतो, ‘त्या काळात समुद्रात बुड्या मारणारे घालतात ते स्टीलचं घड्याळ घेतलं असतं ना, तर आज ह्याच्या वीसपट पैसे मोजून मीच तुमच्या दारात आलो असतो. कुणाकडे आहे का घरात?’

आहे ना! काकांकडे आहे! बाबांचे धाकटे भाऊ, बोटीवर इंजिनखोलीत कामाला होते, त्यांनी तेव्हा दोन पगारांत घेतलं, अजून ते घालून गटार साफ करतात. आणि बाबांनी त्यांना जन्मभर ऐकवलं, ‘स्टीलच घ्यायचं होतं तर डबा घ्यायचास, जेवण तरी राहिलं असतं!’ आता हे घरी जाऊन सांगू? कसं सांगू? तुम्ही सांगाल?

घरी आलो तर बाबा दारातच खुर्ची टाकून, रिकामं मनगट दुसऱ्या हातानं धरून बसलेले. ‘किती?’ आणि तो चेहरा बघून माझ्या तोंडातून गेलं, ‘सात पगार.’ म्हटलं, जुना आकडा आहे, म्हातारा खूश होईल, विषय संपेल. तर म्हणतात, ‘कुणाचे? माझे की तुझे?’

बघा आता! बाबांच्या त्या काळच्या सात पगारांत आज एक बरी चप्पल येते. चपलेला विकलं म्हणू? म्हटलं, ‘माझे.’ मेलो! बाबा ताडकन उठले, गुडघेदुखी विसरून आत गेले, ‘ऐकलंस का गं! तेव्हाही सात, आताही सात! भाव उतरला नाही!’ लगेच काकांना फोन, ‘काय रे, डबा कसा आहे तुझा?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी दारात!

सात पगार! काढलं ऑफिसातून कर्ज. तिथला विचारतो, कशासाठी? म्हटलं, घड्याळासाठी. त्यानं माझ्या मनगटाकडे बघितलं, तिथं काहीच नाही. कारण घड्याळ खिशात! हो, विकलं नाही मी. एका पगारासाठी कोण विकतो? आणि मनगटावर घालता येत नाही, घरी ठेवता येत नाही, तेव्हा आतल्या खिशात घेऊन हिंडतो आणि रोज गुपचूप किल्ली देतो. बंद पडलेलं बघवत नाही हो.

खिडकी झाली. काय उजेड आला म्हणता! आई ओट्याशी उभी, सकाळपासून नुसती हसतेय. मला म्हणाली, जरा इकडे ये. आणि सरळ माझ्या छातीला कान लावला. हळूच म्हणते, ‘इतकी वर्षं उशाखाली ऐकलंय मी हे. ह्यांना सांगशील तर याद राख.’ मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणते, ‘किल्ली हळू दे, स्प्रिंग जुनी आहे.’

आता रोज संध्याकाळी बाबा त्या खिडकीखाली बाहेर खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ‘सात पगारांची खिडकी आहे,’ मग सवयीनं रिकामं मनगट वर करतात, बघतात, आणि मला विचारतात, ‘किती वाजले रे?’ आणि मी, खिशात सोन्याचं घड्याळ असलेला माणूस, त्या सात पगारांच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकतो, शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं प्लॅस्टिकचं घड्याळ बघतो आणि सांगतो, ‘साडेपाच, बाबा.’