रुद्रप्पाची धोतरं आणि केदारनाथांचा जनरेटर

...आता तुम्हीच सांगा, पांढरं धोतर मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढं करडं धोतर टाकलं, तर ते काय तुम्हाला ओवाळणार आहे? उठून गेलं ते! माजलगावात रुद्रप्पाचं कापडाचं दुकान, आज्यापासूनची गादी, आणि ऐन लगनसराईत धोतरांवर काजळी! तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या जनरेटरमुळं. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. पेठेत रंगीत टीव्ही आले, फ्रिज आले, सगळं जग आलं, फक्त लाईट येईना. मग पेठेतल्याच केदारनाथशेठनी डिझेलचा जनरेटर आणला, दुकानादुकानाला वायरी ओढल्या... आणि हे जमवलं कुणी? आप्पाराव दलालानं! बैल, भुसार, प्लॉट, सोयरीक, माणूस काहीही जमवतो. जनरेटर रुद्रप्पाच्या दुकानामागं उभा करायचा, दुकानाला त्याचीच लाईट घ्यायची, दोन वर्षांचा करार. आप्पारावनं खिशातून पेढा काढून दोघांच्या तोंडात घातला. पेढा खाल्ला, शब्द दिला, संपलं!

मग जी धडधड सुरू झाली आणि जो धूर... धोतराच्या घडीच्या आत काजळी हो! रुद्रप्पाची बायको उमाबाई म्हणाली, करार मोडा, न्हाईतर लगनसराई संपायच्या आत दुकान मोडावं लागंल. खोटं नव्हतं ते. पण मोडणार कसा? पेढा खाल्ला, शब्द दिला! त्यात आमच्या पेठेची रीत अशी, की व्यवहार जमवला ज्यानं, मोडायचाही त्यानंच. परस्पर मोडलात तर पुन्हा दारात कुणी उभं करत नाही. आणि आप्पाराव? आज गेवराईला, उद्या बीडला, परवा देव जाणे कुठं! शेवटी रुद्रप्पानं त्याला चौसाळ्याच्या हॉटेलात भजी खाताना गाठला.

"आप्पाराव, तेवढा करार मोडा. दुकान चाललं माझं."

आप्पारावनं भजं संपवलं. सावकाश बोटं पुसली. म्हणाला, "मोडतो की. पर मी तुमच्याकडंच निघालतो शेठ, केदारनाथांच्या पोरासाठी, बसवेशसाठी, तुमची ईश्वरी मागायला. आता त्यास्नी आदी काय सांगू? करार मोडला, का सोयरीक जमली?"

बसवेश दुकानात आला की ईश्वरी उगाच चार वेळा चहा विचारायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक. एकीकडं आज्याची गादी, एकीकडं एकुलती लेक... रुद्रप्पाचा लई जीव होता हो पोरीवर. आप्पारावनं खिशात हात घातला, आणि यानं आपणहून तोंड उघडलं. पेढा खाल्ला, शब्द दिला!

आणि गंमत ऐका, करार मोडला बरं का! केदारनाथांनीच मोडला, तोही रीतीप्रमाणं आप्पारावच्याच हातून. म्हणाले, व्याह्याकडून कुठं लाईटचे पैसे घेतात? यापुढं फुकट. पण जनरेटर? तो तिथंच! मुलीच्या सासरचं यंत्र, त्याला 'उचला' कोण म्हणणार? लेकीला नांदायचंय ना तिथं?

लग्न झोकात झालं. आहेराला रुद्रप्पानं व्याह्यांना दुकानातलं सगळ्यात भारी धोतर दिलं. केदारनाथांनी ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "व्याही, जरा काळपट वाटतंय."

मुलीचा बाप ना तो! हात जोडून म्हणाला, "घरचाच रंग हाय, व्याही."