मास्तरांच्या खिशातलं माझं लायसन्स

अध्यक्ष शरच्चंद्र काका, मंचावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती गुणाजी मास्तर, कमलकाकी, आजपासून ड्रायव्हिंग स्कूल सांभाळणारी त्यांची मुलगी दिशाताई, आणि मास्तरांच्या शेजारी बसून एकदा तरी घाम पुसलेल्या समस्त मुलुंडकरांनो, नमस्कार.

मी सर्वेश. शाळा नववीत सुटली. पास झालो तो फक्त मास्तरांच्या स्कूलमधून. आता गुजरातला, मुंद्रा बंदरावर ट्रेलर चालवतो. वीस दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो, आज अठ्ठाविसावा दिवस आहे. का, ते सांगतो.

बत्तीस वर्षांत मास्तरांनी किती जणांना शिकवलं, तो आकडा आधीच्या वक्त्यांनी सांगितला. किती जणांना रडवलं, तो कुणी सांगितला नाही. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, हे तुम्हाला माहीत आहे. बारा दिवस मला वाटत होतं, गाडी मीच थांबवतोय. तेराव्या दिवशी मास्तर सीटवर मांडी घालून बसले. गाडी जाऊन शहाळेवाल्याच्या हातगाडीला टेकली. तो शांतपणे म्हणाला, "पानीवाला दूँ या मलाईवाला?" आणि मास्तर म्हणाले, "चला, आजपासून तू शिकायला लागलास."

हा त्यांचा पाय रिक्षातही ब्रेक दाबतो, बसमध्येही दाबतो. काकी सांगतात, टीव्हीत गाडी जोरात आली तरी सोफ्यावर बसून दाबतात. हसा, मीही हसायचो.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी दहिसरला एका हळदीला निघालो. गाडी माझा मित्र राजेशची, तो मागे बसलेला. चालवणारा मी, शेजारी मास्तर. मुंद्र्याहून लवूचा व्हिडिओ कॉल आला. लवू म्हणजे ट्रेलरवरचा माझा जोडीदार. केबिनला नवी झालर लावली होती, ती त्याला दाखवायची होती.

मास्तर म्हणाले, "ठेव तो."

मी म्हटलं, "मास्तर, पाच वर्षं चाळीस टनी चालवतोय. एका झालरीने काय होतंय?"

आणि बघितली. लाल होती, सोनेरी काठाची. झालर मला अजून आठवते. तेवढ्या वेळात रस्त्यावर काय होतं, ते मात्र काहीच आठवत नाही.

धप्प आवाज झाला. मास्तरांचा पाय. राजेशच्या गाडीत त्या बाजूला ब्रेक कुठला? नुसतं मॅट. त्या आवाजाने मी वर बघितलं आणि ब्रेक मारला. समोर एक बाई, हातात भाजीची पिशवी. बॉनेट पिशवीला टेकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे.

"झालं का बोलून? मग जाऊ मी?" म्हणाली, आणि गेली.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. "लायसन्स दे." ते खिशात घातलं, मला शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः गाडी चालवत हळदीला नेली, आणि तिकडे दोनदा मटण वाढून घेतलं. मी माझं ताट राजेशकडे सरकवलं.

राजेश म्हणाला, "येड्या, लायसन्स हल्ली फोनमधलंही चालतं. दाखव आणि जा कामाला." मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "चालतं ना. जा की." आता असं म्हटल्यावर माणूस जाईल कसा?

दुसऱ्या दिवसापासून दिशाताईंच्या सातच्या बॅचला बसतोय. सोबत नीलाकाकू आहेत, वय छप्पन्न, स्टेअरिंग पहिल्यांदाच धरलंय. त्या मला विचारतात, "तुला अजून गिअर जमत नाहीत का रे बाळा?" दिशाताई समोर दिसेल ते मोठ्याने बोलायला लावतात. रिक्षा, खड्डा, आजोबा, कुत्रा. पहिल्या दिवशी नीलाकाकूंना माझ्यापेक्षा जास्त दिसलं. गाडी चालवतोय म्हणजे रस्ता बघतोयच, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या बंदरावर निम्मे ड्रायव्हर क्लीनरचे ड्रायव्हर झालेत, लवूसुद्धा. हात बसलाय सगळ्यांचा. पण शेजारी बसून "ठेव तो" म्हणणारं कुणी भेटलंच नाही. मला भेटलं होतं, तरी मी ऐकलं नाही.

मालकाने सोमवारपर्यंत मुदत दिलीय. नाही पोचलो तर माझा ट्रेलर दुसऱ्याला जाईल. मघाशी शाल घेताना मास्तरांनी खिसा चाचपला, तेव्हा मला वाटलं, आता देतात. नको मास्तर. टाळ्यांच्या भरात देऊ नका. पण एक विचारतो. तुम्ही आज रिटायर झालात. चाव्या दिल्यात, हजेरीचं रजिस्टर दिलंत. मग शिकणाऱ्याचं लायसन्स खिशात ठेवायचा अधिकार तुम्हाला राहिला कुठे? तेही द्या दिशाताईंकडे. उद्या सातला त्यांनी शेजारी बसून माझी टेस्ट घ्यावी, राजेशच्याच गाडीत. पास केलं तर सोमवारी मुंद्रा. नाही केलं तर मालकाला मीच कळवीन, ट्रेलर दुसऱ्याला दे म्हणून.

आयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी जास्त खाल्ली. तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यातल्या चुका सगळ्यांनी पोटात घाला. उद्या गाडीतल्या मात्र, दिशाताई, एकही घालू नका.