किंचाळणारी बायको

योकोहामा स्टेशनबाहेर बसच्या रांगेत सुप्रभाच्या मागे एक नवरा-बायको मराठीत भांडत होते. इथे आपलं बोलणं कोणाला कळतंय, अशा खात्रीने.

"तनाका-सानने सगळ्या ऑफिससमोर विचारलं, स्टेजवर किंचाळत होती ती तुमचीच बायको ना?"

"हो म्हणायचं मग."

"नुपूर, तू गाणं शिकलेली आहेस! आणि गातेस काय, तर लंडनच्या कुठल्यातरी बेकार पोरांचं पंक रॉक. त्यांना तिथेसुद्धा कुणी विचारलं नाही."

"नाही विचारलं. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. ती केइको-सानने इथे ऐकली आणि आम्हाला जमवलं, म्हणून आज आम्हा बायकांचा बँड आहे. ती पोरं चिडलेली होती, सत्यजित. मीही आहे."

"तुला कसला राग? घरात काय कमी आहे?"

"माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' लिहिलंय, म्हणजे तुझ्यावर अवलंबून. त्या पोरांच्या चालीवर तेच मी जपानीत ओरडते."

"हळू बोल. आजपासून तालीम बंद."

"तू कोण बंद करणार?"

बस आली. सुप्रभा चढली नाही, मागे वळली.

"तुमचा पुढचा कार्यक्रम कुठे आहे हो?"

"अरे, तुम्ही मराठी?" सत्यजित ओशाळून हसला.

"मी यांना विचारतेय," सुप्रभा म्हणाली.