ना आलेले, ना येणारे

— नाय, यादीत तुमचं नाव नाय. दोनदा बघितलं, आता परत कशाला वाकता — सरका जरा, उजेड अडतोय. नीट ऐका. मशिदीच्या जमातीनं हा कम्प्युटर घेतल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ईदनंतरच्या दावतीला दोन याद्या निघतात. आजपर्यंत आखातातून परत आलेले — त्यांना पंगतीत जागा. आजनंतर येणारे — त्यांच्या घरी बिर्याणीचा डबा. तुम्ही कुठल्या यादीत? कुठल्याच नाय. तुमच्या परतीच्या तारखेची जागा कोरी हाय ना. ती आजच्या आधीची का? कम्प्युटर म्हणतो, माहीत नाय. आजच्या नंतरची का? तेही माहीत नाय. आणि माहीत नाय म्हटलं की नाव गळतं. गेल्या वर्षी अध्यक्ष मुश्ताकचाचा चिडले. म्हणाले, मुदस्सर आला नाय ना, मग 'आलेले नसतील ते सगळे दाखव' असं सांग त्याला. सांगितलं. तरी तुम्ही नाय. चाचांनी पोलादपूरहून मेकॅनिक आणला — त्यानं मशीन उघडलं, धूळ झटकली, दोन चहा प्यायला आणि म्हणाला, माणूस आत नाय.

कोरी कोणी ठेवली म्हणजे? मीच. तुमची बायकोच सगळ्यांच्या तारखा भरते इथं. चाचा म्हणाले होते, मासूमा, घाल गो कुठली तरी पुढची तारीख, घरी डबा तरी येईल. नाय घातली. बाकीच्यांचे नवरे फोनवर सांगतात, अमुक महिन्यात येतो. तुम्ही नऊ वर्षांत एक तरी तारीख सांगितलीत? शेजारी डबे उघडायचे, घरभर वास — आपली पोर अलीशबा विचारायची, आपला कुठाय? मी म्हणायचे, कम्प्युटर बिघडलाय.

तसं एका रीतीनं नाव येतं. कोणाची जागा कोरी हाय, असं सरळ विचारलं तर येतं. पण असं कोण विचारणार? मी विचारायचे, रोज, ऑफिस बंद करताना. एकच नाव यायचं. बघायचे थोडा वेळ — जाऊ दे, हे कशाला बोलले मी.

ही घातली आजची तारीख. झालं, आलात तुम्ही. आता शेजारचा रकाना — परत कधी जाणार? सगळेच सांगतात, त्यात लाजायचं काय. आणि जाणार नसाल तर तसं सांगा, तसंही लिहिता येतं. बोला. — अहो, मी विचारतेय. — हाही कोराच?

मग आजचीही पुसते. उठा. वीर स्टेशनची रिक्षा समोरून सुटते.