टेबलावर निजणाऱ्या कोंबड्या

इस्त्रीवाला : ...आणि दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी हेच करत होतो. व्हरांड्यातलं हेच इस्त्रीचं टेबल, हाच फडका, हीच कोंबड्यांची घाण. तिकडून नर्स म्हणाली, तुमच्या बाई गेल्या. फोन कानाला, आणि हाताला हा वास. तेव्हापासून हा वास आला की फोन वाजल्यासारखं वाटतं.

मेव्हणी : भाऊजी, हे तुम्ही मला सकाळी सांगितलंत. जेवतानाही सांगितलंत. जेवताना तरी नको होतं.

इस्त्रीवाला : मग आज वेगळं काय चाललंय? तुझ्या ताईला जाऊन इतके दिवस झाले, माझ्या हातातला फडका काही सुटला नाही. रोज उठायचं आणि आधी टेबल खरवडायचं.

मेव्हणी : द्या इकडे. तुम्ही पुसत नाही, पसरवताय.

इस्त्रीवाला : रंग बघ. पांढरा, हिरवा, मधेच चॉकलेटी. ह्या खातात तरी काय?

मेव्हणी : तुम्ही घालता तेच.

इस्त्रीवाला : मी कुठं घालतो? दाण्याच्या पोत्याचं तोंड उघडं ठेवतो. त्या आपापलं घेतात.

मेव्हणी : म्हणजे पोत्यात चढून बसत असतील. आणि बसल्या म्हणजे...

इस्त्रीवाला : नको सांगूस.

मेव्हणी : आणि कपडे? गिऱ्हाइकांचे?

इस्त्रीवाला : आत पलंगावर ठेवतो, चादर टाकून. तरी परवा बँकेतल्या साहेबांनी शर्ट उलगडला, नाकाला लावला आणि माझ्याकडं बघितलं. कॉलरमध्ये पीस होतं. दोन बोटांनी काढून टेबलावर ठेवलं, जसं काही माझंच होतं.

मेव्हणी : परत आले?

इस्त्रीवाला : कशाला येतील? ते जाऊ दे. आता संपतंय सगळं. संध्याकाळी चिकनवाला येतोय. सगळ्या फुकट ने म्हटलं.

मेव्हणी : काय म्हणालात?

इस्त्रीवाला : ऐकलंस ते.

मेव्हणी : ताईच्या कोंबड्या चिकनवाल्याला? भाऊजी, तिनं ह्या रात्री उठून उठून वाढवल्यात. दवाखान्यातून मला फोन करायची तेव्हा तुमची चौकशी कमी आणि ह्यांचीच जास्त.

इस्त्रीवाला : मला नको सांगूस. नाकात नळी, धड बोलता येत नाही, आणि मला विचारते, खुराड्यात जातात का हो? म्हटलं, मला काय विचारतेस, त्यांना विचार. हसली. मग खोकला आला.

मेव्हणी : आणि तरी तुम्ही...

इस्त्रीवाला : तरी काय? ती गेली, हा उकिरडा माझ्या गळ्यात मारून गेली. मला कधीच नको होत्या. मी माणसांचे कपडे करतो. पांढरं म्हणजे पांढरं. आणि ह्या रात्रभर माझ्या टेबलावर निजतात. तिनं नवंकोरं खुराडं ठोकलंय, जाळी काय, दार काय, त्यात जाऊन मरत नाहीत.

मेव्हणी : लहान होत्या तेव्हा कुठं असायच्या?

इस्त्रीवाला : ह्याच टेबलाखाली. खोक्यात. इस्त्रीची ऊब लागते म्हणाली.

मेव्हणी : आणि खुराडं?

इस्त्रीवाला : ते मागाहून. रंगाचा हात दिला आणि तापानं पडली. मग दवाखानाच.

मेव्हणी : म्हणजे ह्यांना कुणी तिथं नेऊन बसवलंच नाही.

इस्त्रीवाला : दार उघडं असतं की रोज. दिसत नाही त्यांना?

मेव्हणी : भाऊजी, ह्यांच्या लेखी हे टेबल म्हणजेच घर. तुम्ही दिवसभर ते तापवता, वर कांबळं अंथरता, डोक्यावर दिवा जळत ठेवता. तिकडं खुराड्यात काळोख. मी कोंबडी असते तर मीही इथंच आले असते.

इस्त्रीवाला : तू आलीच आहेस. सकाळपासून टेबलावरच टेकतेयस.

मेव्हणी : खुर्च्या सगळ्या घाण आहेत म्हणून. ऐका आता. त्यांना काही दिवस खुराड्यातच कोंडायचं. दाणापाणी आतच. मग दार उघडायचं. अंधार पडायच्या आत टेबल गार झालेलं पाहिजे आणि हा दिवा बंद पाहिजे.

इस्त्रीवाला : संध्याकाळीच तर गिऱ्हाईक येतं.

मेव्हणी : कुठलं गिऱ्हाईक? बँकेतले साहेब?

इस्त्रीवाला : टोमणे मारायचे तर माहेरी जाऊन मार.

मेव्हणी : माहेरच मिटलं माझं, ताई गेली तेव्हा. पुढं ऐका. तरीही ज्या टेबलावर येतील त्या उचलून नेऊन खुराड्यातल्या काठीवर बसवायच्या. रोज. कंटाळा न करता.

इस्त्रीवाला : उचलून म्हणजे, हातानं?

मेव्हणी : मग काय चिमट्यानं?

इस्त्रीवाला : मी आजवर एकीलाही हात लावला नाही. ते पाय बघितलेस का, साल सुटल्यासारखे? आणि पंखाखाली गरम लागतं म्हणे. मला नुसतं ऐकून शिसारी येते.

मेव्हणी : लोकांच्या काखेतले शर्ट घेता की हातात.

इस्त्रीवाला : ते धुतलेले असतात.

चिकनवाला : काका, आहात का? कुठंय माल?

इस्त्रीवाला : ये. ह्या काय, अंगणात.

चिकनवाला : ह्या? काका, मला वाटलं कोंबड्या आहेत. ही नुसती पिसं फिरतायत. थांबा, एक बघतो हातात घेऊन. ये गं, ये. हां. वजनच नाही हो काही.

मेव्हणी : अजून तलंगा आहेत त्या. अंड्यावरही आल्या नाहीत.

चिकनवाला : वहिनी, माझ्याकडं आल्यावर कुणी वय विचारत नाही.

इस्त्रीवाला : तुझ्या शर्टाला काय झालंय?

चिकनवाला : काय व्हायचंय? धंदा आहे.

इस्त्रीवाला : रक्ताचा डाग आहे आणि तू तो गरम पाण्यात घातलायस. आता जन्मात निघायचा नाही. वास पण येतोय.

चिकनवाला : सगळे असंच म्हणतात. येताना तोंडाला पाणी सुटलेलं असतं आणि जाताना नाकाला रुमाल. हे बघा, अशी उलटी धरली की कशी गप्प होते.

इस्त्रीवाला : सरळ कर तिला.

चिकनवाला : काही होत नाही हो.

इस्त्रीवाला : डोळे मिटतेय ती.

चिकनवाला : मिटतातच. रक्त डोक्यात उतरतं ना.

इस्त्रीवाला : तुझ्या नखात काय आहे ते?

चिकनवाला : काका, तुम्ही मला बोलावलंत की माझी तपासणी करताय?

इस्त्रीवाला : दे ती इकडं.

चिकनवाला : तुम्ही हात लावणार?

इस्त्रीवाला : दे म्हटलं ना.

मेव्हणी : भाऊजी, एका हातानं नाही. दोन्ही हातांनी, पंख दाबून. हां. आता छातीशी धरा.

इस्त्रीवाला : शर्टावर केलं हिनं.

मेव्हणी : करणारच. टांगली होती मघाशी.

इस्त्रीवाला : गरम आहे.

मेव्हणी : कोंबडी?

इस्त्रीवाला : घाण. कोंबडीही.

चिकनवाला : मग बाकीच्या भरू का पिंजऱ्यात?

इस्त्रीवाला : तू आधी घरी जा. तो शर्ट मीठ टाकून गार पाण्यात भिजव. नवे डाग तरी निघतील. मग माझ्याकडं टाक.

चिकनवाला : काका, मी कोंबड्यांचं विचारतोय.

इस्त्रीवाला : त्यांचं मी बघतो.

चिकनवाला : उगाच फेरी मारायला लावलीत. येतो वहिनी.

मेव्हणी : या. भाऊजी, अंधारून येतंय. दिवा मी मालवते, तुम्ही हिला न्या.

(व्हरांड्यातला दिवा बंद होतो.)

इस्त्रीवाला : हिला आत टाकू?

मेव्हणी : टाकू नका. काठीवर पाय टेकू द्या. टेकले की सोडा.

इस्त्रीवाला : तोंड खुपसावं लागतंय आत. अजून रंगाचा वास आहे.

मेव्हणी : बसली?

इस्त्रीवाला : बोटं वळवली काठीभोवती. बसली.

मेव्हणी : बाकीच्या चढल्या बघा टेबलावर, अंधारातही. आणा एकेक.

इस्त्रीवाला : तू आण ना. माझी कोपरापर्यंत वाट लागलीय.

मेव्हणी : मी उद्या जाणार. परवा कोण आणणार आहे?

इस्त्रीवाला : तुझी ताईही असंच करायची. कामाला लावायची आणि आपण उभी राहायची. ए, चल गं. पंख मिट. हिचं पोट केवढं धडधडतंय.

मेव्हणी : तुमच्या हातांची तिलाही शिसारी येत असेल.

इस्त्रीवाला : येऊ दे. शी, तोंडावर पंख मारला. पीस गेलं तोंडात.

मेव्हणी : थुंका आणि पुढची आणा.

इस्त्रीवाला : ही चोच मारतेय. ही शेंडीवाली. हिला मी ओळखतो, पलंगावर हीच चढते. आत हो, सटवे. सरक गं तू, हिला जागा दे.

मेव्हणी : झाल्या सगळ्या?

इस्त्रीवाला : झाल्या. टेबलावर कुणी नाही.

मेव्हणी : आता दार लावा. उद्या उघडायचं नाही, कितीही ओरडल्या तरी. दाणा नुसता हात घालून द्यायचा.

इस्त्रीवाला : किती वास येतोय माझा. आंघोळ करूनही जायचा नाही.

मेव्हणी : गप्प झाल्या ना पण?

इस्त्रीवाला : कुरकुरतायत. कडेची सारखी सरकतेय. दाटी होतेय त्यांना.

मेव्हणी : ताईनं काठी एकच लावली?

इस्त्रीवाला : एकच. तेव्हा ह्या मुठीत मावायच्या. दुसरी बसवायची राहिलीय.