लांडग्याच्या रडण्याविषयी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सगळ्यांचे दात आणि मतभेद ज्यांच्या हाती सुखरूप आहेत ते आपले डॉक्टर; आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, आपले सर; पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी; आपल्या ॲनिमेशनपट रसिक मंडळाचे, पंख्याखालच्या डाव्या बाजूचे ‘जुने’ सभासद आणि दाराजवळच्या उजव्या बाजूचे ‘नवे’ सभासद; आणि केवळ नंतरच्या चहासाठी आलेले, पण आले हे महत्त्वाचं, असे सर्व पाहुणे.

माइक जरा खाली घेते. हं. हा नेहमी पुरुषांच्या उंचीला लावलेला असतो.

निवेदकांनी आत्ता माझी ओळख करून दिली, की मंडळाचं चहापाणी आणि खुर्च्या बघणाऱ्या, सगळ्यांच्या लाडक्या ताई. ओळख खरी आहे, तक्रार नाही. मला सांगितलंय की चार शब्द बोला, गोड बोला आणि मग सरांना बोलायला बोलवा. चार शब्द बोलते. सरांनाही बोलावते. मधल्याबद्दल मात्र शब्द देत नाही.

पाहुण्यांसाठी सांगते, आमच्या मंडळात महिन्यातून एकदा लहान मुलांसाठी काढलेले सिनेमे बघून मोठी माणसं भांडतात. जुन्यांचं म्हणणं, पूर्वीच्या चित्रांत हात होता, रंगात पाणी होतं, पार्श्वभूमीचं एकेक झाड माणसानं रंगवलेलं असायचं. नव्यांचं म्हणणं, हो, आणि पाठलागाच्या प्रसंगात तेच एक झाड तीनदा मागे पळायचं! नवे म्हणतात, आमच्या अस्वलाचा केस न् केस हलतो. जुने म्हणतात, केस हलतो हो, अस्वल कुठे हलतं? नव्यांच्या राजकन्या स्वतः तलवार चालवतात. जुन्यांच्या अर्धा सिनेमा झोपलेल्या असतात, आणि गंमत म्हणजे त्यांचं कौतुक आमचे डॉक्टर फार करतात. डॉक्टर, हसू नका, गेल्या वर्षी तुम्ही ‘ती झोपेतसुद्धा अभिनय करते’ असं म्हणाला होतात. आणि हल्लीच्या सिनेमात दुष्ट म्हणून कोणी उरलाच नाही, प्रत्येकाचं बालपणच वाईट गेलेलं असतं, हे जुन्यांचं दुखणं तर मलाही पटतं. काही माणसांचं बालपण अगदी छान जातं आणि तरीही ती वाईट वागतात. अशी माणसं मी पाहिली आहेत.

पण एका बाबतीत या सभागृहाची डावी आणि उजवी बाजू एक होते. तो लांडगा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक लंगडा लांडगा पुलावर बसून असतो, बदकांच्या एका कुटुंबाला पलीकडे जाऊ देत नाही. सिनेमाभर त्रास देतो. शेवटी बदकं उडून जातात आणि पुलावर तो एकटा उरतो. चित्रकारांनी त्याचा चेहरा दाखवलेला नाही, नुसती पाठ. आणि तो रडतो. बस, इतकंच. आता तोच सिनेमा नव्यानं काढलाय. त्यात चेहरा आहे, डोळे आहेत, काचेच्या गोट्यांएवढे अश्रू आहेत, आणि एका मोठ्या नटाचा आवाज आहे, जो गरम चहा घशात अडकल्यासारखा रडतो. हे मी नाही, नव्यांच्या बाजूचेच म्हणाले. जुन्या सिनेमाचं आपल्या भाषेतलं डबिंग सरांनी केलं, लांडग्याला आवाज सरांनी दिला, आणि आज सरांना दिलेल्या स्मृतिचिन्हावर तीच पाठ कोरली आहे.

सरांचा आवाज! त्याबद्दल खोटं कशाला बोलू? गोड बोलायला सांगितलंय आणि हे खरंच गोड आहे. ‘पूल माझा आहे’ हे त्यांनी म्हटलं की मुलं खुर्चीखाली जायची. असा बोलका आवाज पुन्हा झाला नाही. बोलका, म्हणतेय मी.

मागच्या महिन्यातली जुगलबंदी आठवते ना? एकाच प्रसंगाची जुनी आणि नवी फीत शेजारी शेजारी लावायची, ही आपली पद्धत. जुना प्रसंग लांब, नवा आखूड. आपल्या नव्यांतली ती कॉलेजची मुलगी, हो, तूच गं, चेष्टेनं म्हणाली, “तुमच्या काळात सगळं संथच होतं, मी जरा पळवते.” आणि तिनं जुनी फीत वेगात चालवली, दोन्ही एकदम संपाव्यात म्हणून. लांडग्याचे संवाद उंदीर बोलल्यासारखे चिरके झाले, आपण पोट धरून हसलो. मग रडणं आलं. ते उंदराचं झालं नाही. ते एका बाईचं झालं. धड, स्वच्छ, घरातल्या बाईचं रडणं. कोणीतरी ओरडलं, “अरे, ही तर लांडगीण!” पुन्हा हशा. सरांनी माइक घेतला आणि म्हणाले, “वेग वाढवला की सगळेच बायकांसारखे रडतात.” टाळ्या.

मी मागे कप मांडत होते. माझ्या हातातला कप खाली ठेवायला मला जागा सापडेना.

मग त्याच मुलीनं हात वर केला आणि मनापासून विचारलं, “सर, पण असं रडणं तुम्ही आणलंत कुठून?” सरांनी खिशातला रुमाल काढला. सरांना रुमाल काढता फार छान येतो. मग म्हणाले, “माझी आई तेव्हा नुकतीच गेली होती.” सभागृह उभं राहिलं. डॉक्टरांनी डोळे पुसले. मीही उभी राहिले, कारण सगळे उभे असताना बसून राहणं बरं दिसत नाही.

वहिनी, तुम्ही मान वर करा. तुमच्याशी माझं काही वैर नाही. सासूबाई कधी गेल्या, हे सुनेइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? त्या डबिंगनंतर कितीतरी वर्षं त्या ठणठणीत होत्या. त्यांचा चष्मा दुरुस्त करून मी स्वतः तुमच्या घरी आणून दिलाय, आणि त्यांनी मला दारात थांबवून डबिंगच्या खोलीत त्यांचा मुलगा वेळेवर जेवतो का, ते विचारलं होतं. या मंडळात पहिल्या दिवशी तुम्ही मला ओळखलंत, माझा हात दाबलात. सरांनी ओळखलं नाही. नाही ओळखलं की ओळख दिली नाही, देव जाणे.

हो. मी त्या खोलीत होते. गर्दीचे आवाज माझ्याकडे होते. बदकं मी, बाजारातल्या भांडणाऱ्या बायका मी, घाबरलेली कोंबडी मी. सिनेमातल्या श्रेयनामांच्या पाटीवर आमचं नाव असायचं ‘इतर आवाज’. बाहेरून आलेल्या ध्वनिपट्टीवर संगीत होतं, रडणं नव्हतं, ते इथेच भरायचं होतं. सरांनी सकाळपासून प्रयत्न केला. आधी घोडा खिंकाळला, मग दार करकरलं, मग नुसताच खोकला. जेवणाची सुट्टी होऊन गेली. ध्वनिमुद्रक पडदा बघत बसला होता, सरांकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. आणि सर माझ्याकडे वळले. मला माझ्या आयुष्यातलं कुठलंही वाक्य इतकं पाठ नाही. म्हणाले,

“ए पोरी, तुझी आई गेली ना परवा? मग तू रड की.”

दोघंतिघं हसले. हसायचं की नाही ते न कळल्यामुळे हसले, त्यांना मी कधीच माफ केलंय. आई जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. घरी धाकटी भावंडं होती, त्यांच्यासमोर मला रडता येत नव्हतं. मी रडले की ती रडायची, आणि ती रडली की स्वयंपाक कोण करणार? तेव्हा मी माइकपुढे उभी राहिले, डोळ्यांसमोर त्या लांडग्याची पाठ होती, आणि रडले. एकदाच. दुसऱ्यांदा कोणी मागितलंच नाही. ध्वनिमुद्रकानं ती पट्टी जरा संथ फिरवली, आणि माझा आवाज लांडग्याचा झाला. पलीकडच्या खोलीतून मधली काच वाजवून सर म्हणाले, “छान. आता कोंबडीचं घेऊ.”

आणि मी कोंबडीचं दिलं.

डॉक्टर, घड्याळ बघू नका. तुम्ही दाढ काढता तेव्हा मी बघते का?

आता कोणी विचारेल, इतकी वर्षं का बोलला नाहीत? तर ऐका. पाटीवर नाव नाही, याचं मला त्या वयात काही वाटलं नाही. आई गेलेली, पाटीचं काय घेऊन बसायचं? पुढे हे मंडळ निघालं. मी मागे चहा ओतत असायची आणि पुढे तुम्ही त्या रडण्यावर भांडायचात. जुन्यांतलं कोणी म्हणायचं, घर रिकामं झाल्याचा आवाज आहे हा. नव्यांतलं कोणी म्हणायचं, बाकी सगळ्यात आम्ही पुढे आहोत, एवढ्यात नाही. मी ऐकायची. आईसाठी मी जन्मात एकदाच धडपणे रडले, आणि ते रडणं महिन्यातून एकदा भरल्या सभागृहात ऐकलं जातं, त्यावर शहाणीसुरती माणसं तावातावानं बोलतात. आणखी काय हवं होतं? सर समारंभांतून रुमाल तोंडाला लावून, खांदे हलवून ते ‘सादर’ करायचे आणि आवाज यायचा मागच्या स्पीकरमधून, तेही मी चालवून घेतलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची कुणाकुणाला हौस असते. ओढू दे म्हटलं.

पण सर, रडणं नेलंत ते नेलंत, तुम्ही माझी आई नेलीत. तुमची स्वतःची घरात धडधाकट असताना! त्या दिवशी सभागृह उभं राहिलं ते माझ्या आईसाठी उभं राहिलं होतं, आणि मान तुम्ही लववलीत. मला राग आलाय. या वयात रक्तदाब वाढेल इतका राग आलाय, आणि तो मला छान वाटतोय.

काही सभासद आता मनात म्हणत असतील, ताई, म्हातारा माणूस, मुलाकडे कायमचा राहायला निघालाय, जाऊ द्या. मीही म्हातारीच आहे. आणि जाऊ देण्याचं काम आजवर मी एकटीनंच केलंय, आता दुसऱ्या कोणाला तरी द्या.

असो. आभार मानते. अध्यक्षांचे, की त्यांनी मध्ये घंटी वाजवली नाही. वहिनींचे, की त्या अजून उठून गेलेल्या नाहीत. त्या वेगात फीत पळवणाऱ्या मुलीचे विशेष. पोरी, तू चेष्टा करायला गेलीस आणि इतक्या वर्षांनी मला माझा आवाज माझ्याच वेगात ऐकवलास. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. सत्कारमूर्तींकडे मी तशी विनंती करत नाही.

आता सरांना बोलावते, म्हटल्याप्रमाणे. निमंत्रणपत्रिकेवर छापलंय की सत्कारमूर्ती शेवटी ‘लांडग्याचं रडणं’ सादर करतील. सर, सकाळी तुम्ही माझ्या हातात एक पेनड्राइव्ह दिलात, “ताई, मी रुमाल काढला की लावायला सांगा” म्हणालात. तो माझ्या पर्समध्ये आहे आणि पर्स बंद आहे. साउंडवाल्याला मी चहा घ्यायला पाठवलंय. माइक तेवढा चालू आहे.

या, सर. तुम्ही रडा, नाहीतर त्या दिवशी कोण रडलं तिचं नाव या सगळ्यांना सांगा. नाव ठाऊक नसेल तर विचारा. मी इथेच उभी आहे.